बो थ्रस्टर बंद पडला? वायरिंगमधला दोष असा शोधा

बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, पाण्याच्या रेषेखाली, आडवा आरपार बोगदा असतो. त्यात छोटा पंखा, वर आतल्या बाजूला त्याची मोटर आणि सुकाणूजवळ एक जॉयस्टिक. वारा किंवा ओहोटीची ओढ बोटीचं तोंड धक्क्यापासून लांब नेऊ लागली की दोन-तीन सेकंद जॉयस्टिक दाबून ते जागेवर आणायचं, हे बो थ्रस्टरचं काम. दिवसभरात तो मिनिटभरही चालत नाही. पण त्याची गरज पडते ती शेजारची बोट हातभर अंतरावर असताना, आणि तेव्हा तो चाललाच पाहिजे. त्यामुळे बोटीवर नव्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा दोष शोधता आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. हे काम अवघड नाही. मल्टिमीटर, एक मदतनीस आणि क्रम न मोडण्याची शिस्त एवढं पुरतं.

इथे डोळ्यासमोर आहेत दहा-बारा मीटरच्या, १२ व्होल्ट डीसी मोटर असलेल्या सेलिंग किंवा मोटर यॉट. २४ व्होल्टची मोटर असेल तर पद्धत तीच, फक्त आकडे बदलतील. मोठ्या जहाजांचे थ्रस्टर ४४० व्होल्ट थ्री-फेज किंवा त्याहून वरच्या दाबावर चालतात. तो विषय वेगळा आहे आणि जहाजाच्या इलेक्ट्रिकल ऑफिसरशिवाय कोणी त्याला हात लावू नये.

दोन सर्किटं आधी डोक्यात बसवा

थ्रस्टरमध्ये दोन वेगळी सर्किटं असतात. पहिलं जाड केबलचं: बॅटरी, मेन स्विच, मोठा फ्यूज, सोलेनॉइड (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच), मोटर, आणि परत बॅटरीच्या मायनसला. दुसरं बारीक वायरचं: जॉयस्टिकपासून सोलेनॉइडच्या कॉइलपर्यंत. जॉयस्टिकमधून मोटरचा करंट जात नाही. जॉयस्टिक फक्त कॉइलला १२ व्होल्ट देते, कॉइल आतला कॉन्टॅक्ट ओढते आणि मग जाड केबलमधून खरा करंट धावतो. गाडीच्या स्टार्टरचीच ही थोरली आवृत्ती म्हणा. फरक इतकाच की थ्रस्टरला दोन्ही दिशांना फिरायचं असतं, त्यामुळे सोलेनॉइडची जोडी असते: एक डावीकडे ढकलण्यासाठी, एक उजवीकडे.

आता करंट किती ते बघा. साधारण ३ किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर ३०० ते ४०० अँपिअर ओढते. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअरवर चालतो. हा फरक लक्षात ठेवला की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप समजतात. ३५० अँपिअर वाहत असताना एखाद्या जोडाला फक्त एक मिलिओहमचा रोध आला, तर तिथे ०.३५ व्होल्ट जातात आणि सुमारे १२० वॅट उष्णता तयार होते. एक मिलिओहम साध्या मल्टिमीटरला दिसतही नाही. पण त्या जोडाचं प्लास्टिक वितळतं.

थ्रस्टरचे दोष याच कारणाने भल्याभल्यांना चकवतात. बंद अवस्थेत मीटर लावला तर सगळीकडे १२.६ व्होल्ट दिसतात. कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर सलग आहे असं सांगणारा बीप सगळीकडे वाजतो. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत असली तरीही बीप वाजतोच. वायरमन ‘सप्लाय ओके आहे, मोटर गेली’ असं सांगून जातो, आणि मालक नव्या मोटरची किंमत विचारायला लागतो. जाड सर्किटमध्ये लोडवर, म्हणजे जॉयस्टिक दाबून मोटरला करंट जात असताना, घेतलेल्या मापावरच विश्वास ठेवा. त्याआधी मोटर खोलू नका.

हात घालण्यापूर्वी

पाण्यात कोणी नाही याची खात्री करा. पोहणारा, बोटीचा तळ घासणारा पाणबुड्या, बोगद्याजवळ आलेली डिंगी (छोटी होडी), सगळं डोळ्यांनी बघा. चाचणी चालू असेपर्यंत कोणी पाण्यात उतरणार नाही, हे बोटीवरच्या प्रत्येकाला सांगा.

बोट यार्डात, जमिनीवर असेल तर थ्रस्टर चालवू नका. या मोटरी बहुधा सिरीज-वाउंड (फील्ड आणि आर्मेचरची गुंडाळी एकामागे एक जोडलेल्या) असतात, आणि पाण्याचा भार नसताना त्यांचा वेग बेफाम वाढतो. मोटर उतरवून टेबलावर थेट बॅटरीला जोडून बघणं तर त्याहून धोक्याचं. लोडवरच्या सगळ्या चाचण्या बोट पाण्यात असतानाच होतील.

नट-बोल्टला पाना लावायचा असेल तेव्हा मेन स्विच बंद. बॅटरीची केबल काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. या बॅटऱ्या हजार अँपिअरच्या घरात शॉर्ट-सर्किट करंट देऊ शकतात आणि दोन टोकांमध्ये अडकलेला पाना क्षणात लाल होतो. लेड-ॲसिड बॅटरीची पेटी बंद असेल तर आधी उघडून हवा खेळू द्या. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, पेट्रोलची वाफ साठलेली नाही ना, ते बघितल्याशिवाय एकही ठिणगी पाडायची नाही.

सर्किट चालू असताना मल्टिमीटर नेहमी व्होल्टवर. त्याचं अँपिअरचं भोक १० अँपिअरपुरतं असतं, ते या केबलमध्ये कधीही जोडू नका. करंट बघायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, घेताना विचारून घ्या.

आधी कान लावा

मदतनीसाला जॉयस्टिकपाशी उभं करा आणि स्वतः नाळेतल्या मोटरजवळ जा. डावीकडे दाबायला सांगा, सोडायला सांगा, मग उजवीकडे. दोन्हींच्या मध्ये सेकंद-दोन सेकंद जाऊ द्या. सोलेनॉइड ‘टक्’ करतो का, ते ऐका. या एका आवाजावरून दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं. टक् नाही, म्हणजे बहुधा बारीक वायरचं सर्किट. टक् आहे पण मोटर फिरत नाही, म्हणजे जाड सर्किट किंवा मोटर. टक्-टक्-टक् अशी थरथर, म्हणजे व्होल्टेज कोसळतंय. दाबल्याबरोबर ते इतकं खाली जातं की कॉइल कॉन्टॅक्ट धरूच शकत नाही, सुटला की व्होल्टेज वर येतं, परत ओढतो. अशा वेळी जॉयस्टिक दाबून ठेवू नका. प्रत्येक थरथरीत कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते आणि तो चिकटून बसू शकतो.

मोटर झकास फिरते, आवाजही चढा येतो, पण बोट हलत नाही? मग वायरिंग सोडा. मोटर आणि पंखा यांच्यामधली शिअर पिन (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारी पिन) किंवा कपलिंग तुटलं असणार, किंवा पंखाच गळून पडला असेल.

टक् आवाजच येत नसेल

सगळ्यात साधं आधी. पॅनेल चालू आहे का? अनेक जॉयस्टिकना आधी ऑनचं बटण दाबावं लागतं, काहींना दोन बटणं एकदम, आणि वापर नसेल तर थोड्या वेळाने त्या आपोआप बंद होतात. पॅनेलवर दिवा नसेल तर कंट्रोल सर्किटचा छोटा फ्यूज बघा. तो मोठ्या फ्यूजपासून वेगळा असतो आणि बऱ्याचदा सोलेनॉइडजवळच असतो.

मोटर नुकतीच बराच वेळ चालवली होती का? बहुतेक थ्रस्टर सलग दोन-चार मिनिटांपलीकडे चालवायचे नसतात. मोटरच्या आत थर्मल स्विच असतो, तापली की तो कंट्रोल सर्किट तोडतो. तासभर थांबा. मोटर थंड होऊनही काही होत नसेल, तर त्या स्विचच्या दोन बारीक वायरींचे स्पेड टर्मिनल निसटलेत का ते बघा. थंड मोटरचा थर्मल स्विच जोडलेला, म्हणजे बीप देणारा असतो.

मग मीटर कॉइलच्या टोकांवर लावा आणि मदतनीसाला दाबायला सांगा. बारा व्होल्ट आले तरी टक् नाही, तर कॉइल जळाली आहे. व्होल्ट आलेच नाहीत तर काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर ठेवून पुन्हा मोजा. आता आले, तर कॉइलचा मायनस तुटलेला आहे. तरीही नाही आले, तर दोष जॉयस्टिककडे आहे, आणि मधले प्लग एक-एक करून तपासायचे. तुम्हाला बहुधा नांगराच्या साखळीच्या कप्प्याजवळचा प्लग सापडेल. तिथे खारं पाणी ठिबकत असतं, आणि पितळी पिना हिरव्या पडून नंतर भुरभुरून जातात. पिना साफ करून तो प्लग चालवणं हा तात्पुरता इलाज आहे. मी तो कापून वॉटरप्रूफ कनेक्टर बसवतो आणि जोड कप्प्याच्या बाहेर कोरड्या जागी नेतो.

एकाच दिशेला चालतो

हा दोष नवख्यांना सगळ्यात गूढ वाटतो आणि शोधायला सगळ्यात सोपा आहे. एका दिशेला जोरात चालतो याचा अर्थ बॅटरी, मोठा फ्यूज, मेन स्विच, जाड केबल आणि बहुधा मोटरही ठीक आहे, कारण त्या दोन्ही दिशांना सामाईक आहेत. उरतं काय? त्या दिशेचा जॉयस्टिकमधला स्विच, त्याची वायर, त्याची कॉइल आणि त्याचा कॉन्टॅक्ट.

मेन स्विच बंद करून दोन्ही कॉइलकडे येणाऱ्या सिग्नल वायरी एकमेकींच्या जागी लावा. समजा डावी दिशा मेली होती. आता जॉयस्टिक डावीकडे दाबली की सिग्नल उजव्या सोलेनॉइडला जाईल. मोटर फिरली, तर जॉयस्टिक आणि वायर निर्दोष आणि डावा सोलेनॉइड दोषी. नाही फिरली, तर दोष जॉयस्टिक किंवा वायरमध्ये. या चाचणीत बोट उलट्या दिशेला ढकलली जाते, म्हणून दोर बांधलेले असू द्या, आणि वायरी परत जागेवर लावल्याशिवाय बोट सोडू नका. ज्या थ्रस्टरला सोलेनॉइडऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स आहे, तिथे वायरी बदलू नका. त्याच्या पुस्तिकेतच एरर कोड दिलेले असतात.

टक् होतं, पण मोटर मंद किंवा ठप्प

बंदरात सर्वांत जास्त भेटणारी तक्रार हीच, आणि खरी कारागिरी इथेच लागते.

सुरुवात बॅटरीपासून. काही तास विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. अर्ध्या बॅटरीवर थ्रस्टरची चाचणी घेण्यात अर्थ नाही, आधी भरा. भरल्यावर मीटरचे प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवा, त्यांवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, आणि मदतनीसाला तीन सेकंद दाबायला सांगा. व्होल्टेज ११ च्या आसपास टिकायला हवं. १० च्या खाली घसरलं तर बॅटरी थकली आहे, किंवा मुळातच लहान आहे.

हल्ली लिथियम बॅटरी बसवलेल्या बोटी वाढल्या आहेत. तिथे आणखी एक प्रकार दिसतो: जॉयस्टिक दाबताच सगळं काळंठार, थोड्या वेळाने परत सगळं ठीक. बॅटरीच्या आतली संरक्षण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, १०० किंवा २०० अँपिअरला करंट तोडते. वायरिंगमध्ये दोष नाही, ती बॅटरी या कामाची नाही.

खुंटांवर व्होल्टेज टिकलं, पण मोटर मंद आहे? आता मीटर मोटरच्या टर्मिनलवर लावून तसंच लोडवर मोजा. समजा खुंटांवर ११.२ आणि मोटरवर ८.९. मधले २.३ व्होल्ट वाटेत गेले. ते कुठे गेले, हे शोधायची युक्ती प्रत्येकाने शिकावी अशी आहे. मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटावर आणि काळा प्रोब मोटरकडच्या प्लसच्या टोकावर ठेवा. जॉयस्टिक दाबल्यावर मीटर जे दाखवेल ते प्लसच्या वाटेत हरवलेले व्होल्ट. समजा १.७. मग काळा प्रोब मागे आणत चला: सोलेनॉइडच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, फ्यूजच्या अलीकडे, मेन स्विच, बॅटरीचा क्लॅम्प. आकडा जिथे एकदम पडतो, तिथे दोष. मायनसच्या केबललाही हेच करायचं. मायनसकडे लोक बघतच नाहीत, आणि तिथला गंजलेला बसबार (अनेक केबल जिथे जोडतात ती धातूची पट्टी) वर्षानुवर्षं तसाच राहतो. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच दाबा आणि मोटरला मध्ये विसावा द्या.

एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की मी तो खोलतो. सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टवर ०.३ च्या पुढे दिसलं तर कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झालेत, तो सोलेनॉइड बदला. जॉयस्टिक दाबल्यावर फ्यूजच्या दोन टोकांमध्ये सगळेच्या सगळे १२ व्होल्ट दिसले तर तो उडालेला आहे, डोळ्यांना शाबूत दिसला तरी.

सगळे जोड चांगले आणि तरी व्होल्ट जात असतील, तर केबलच बारीक आहे. हिशेब सोपा आहे. तांब्याचा रोध एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेला साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून मोटरपर्यंत ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर. ५० चौरस मिलिमीटरची केबल असेल तर रोध ०.००३५ ओहम, आणि ३५० अँपिअरला १.२ व्होल्ट केबलमध्येच संपतात. ९५ ची केबल टाकली तर ०.६५. बॅटरी मागे इंजिनजवळ ठेवून दहा-दहा मीटर केबल पुढे आणण्यापेक्षा थ्रस्टरसाठी वेगळी बॅटरी नाळेतच ठेवायची पद्धत यातूनच आली.

मोटरच्या टर्मिनलवर लोडवर १०.५ व्होल्ट मिळतायत आणि तरी ती ओढत नाही, तेव्हा मोटर संशयित. आधी बोगदा बघा. मुंबईच्या बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या, जाळ्यांचे तुकडे आणि बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी समुद्री जीव) यांनी तो अर्धा बुजलेला सापडतो. पंखा अडकला की मोटरचा करंट नेहमीपेक्षा कितीतरी वर जातो आणि फ्यूज उडतो. बोगदा मोकळा असेल तर मेन स्विच बंद करून मोटरच्या खिडकीतून कार्बन ब्रश तपासा: झिजलेले, स्प्रिंगमध्ये अडकलेले, किंवा काळ्या भुकटीने माखलेले. सगळ्या केबल सोडवून टर्मिनल आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये रोध मोजा. तो मेगाओहममध्ये यायला हवा. काही किलोओहम दिसले तर आत ओल किंवा कार्बनची भुकटी आहे, आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची वेळ आली.

सोडल्यावरही थांबत नाही

जॉयस्टिक सोडली तरी पंखा फिरतोय, म्हणजे सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट चिकटला. उलट दिशेला दाबून तो सुटेल अशी आशा धरू नका. ताबडतोब थ्रस्टरचा मेन स्विच बंद करा. हा स्विच कुठे आहे ते बोटीवरच्या प्रत्येकाला आधीच दाखवलेलं असावं, आणि तो नांगराच्या दोरांखाली गाडलेला नसावा. चिकटलेला सोलेनॉइड हातोडीने ठोकला की सुटतो, हे खरं आहे, पण तो पुन्हा चिकटतो. तो बदलाच, आणि ज्या कमी व्होल्टेजमुळे तो चिकटला तेही शोधा, नाहीतर नव्याची गत तीच होईल.

जोड दुरुस्त करताना

टिन चढवलेली तांब्याची मरीन केबल वापरा. साध्या वेल्डिंग केबलच्या तारा खाऱ्या हवेत आतून काळ्या पडतात. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाचं भोकाचं धातूचं टोपण, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून बसवायचं. पक्कड आणि हातोडीने चेपलेलं थिंबल थ्रस्टरच्या करंटला टिकत नाही. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. बोल्टवर थिंबल थेट तांब्याला टेकलं पाहिजे, वॉशर त्याच्या वर येतो. वॉशर चुकून मध्ये आला की स्टीलमधून करंट जातो आणि जोड तापतो. ग्रीस लावायचं ते जोड आवळून झाल्यावर, बाहेरून.

फ्यूज उत्पादकाने सांगितलेल्याच आकड्याचा आणि सावकाश उडणाऱ्या प्रकारचा हवा. वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे केबलला फ्यूज बनवणं, आणि फायबरग्लासच्या बोटीत त्याचा शेवट आगीत होतो.

पावसाळ्यानंतर

आपल्याकडे यॉट जूनच्या सुमारास वर काढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत पाण्यात सोडतात. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या नाळेच्या कप्प्यात सगळ्यात आधी थ्रस्टरचे जोड आणि बॅटरी खराब होते. बॅटरी उतरवून घरी ठेवावी आणि महिन्यातून एकदा भरावी. मुंबईत गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, उभ्या असलेल्या बोटींना किनाऱ्यावरची वीज नसते, नाळेतली बॅटरी इंजिन चालू असेल तेवढा वेळच भरते. लांब केबलमधून येईपर्यंत व्होल्टेज उतरलेलं असतं आणि अर्ध्या तासाच्या फेरीत बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. नाळेत बॅटरीशेजारी डीसी-टू-डीसी चार्जर बसवला की ही तक्रार बहुतेक मिटते.

दुरुस्ती झाली की बोट दोरांनी बांधून दोन्ही दिशांना पाच-पाच सेकंद चालवा. लगेच मेन स्विच बंद करून प्रत्येक जोडावर हाताची पाठ न्या, एकही कोमट लागता कामा नये. मग तीन आकडे बोटीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा: विश्रांतीतलं व्होल्टेज, लोडवर बॅटरीच्या खुंटांवरचं आणि लोडवर मोटरवरचं. पुढच्या हंगामात तेच तीन आकडे पुन्हा घ्या. शेवटच्या दोनमधला फरक वाढला असेल तर केबल आणि जोड तपासायला घ्या, दोन्ही मिळून उतरले असतील तर बॅटरी.